यल्लाप्पा अण्णांचा रिकामा रकाना

आमच्या ऑफिसच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबट खोली होती. दारावर पाटी प्रयोगशाळेची, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला मातीखोली म्हणायचे. आत कापडी पिशव्यांच्या थप्प्या, प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. पितळी चाळण्या एकात एक बसवून ठेवलेल्या. कोपऱ्यात माती वाळवायची विजेची भट्टी. आणि या सगळ्याच्या मधोमध, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, यल्लाप्पा अण्णा. दिवसभर मातीत हात घालणारा माणूस पांढरा शर्ट का घालतो हे कुणाला कळायचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "डाग पडला की दिसतोय." डाग दिसावा म्हणून पांढरा, की डाग पडू नये ही काळजी राहावी म्हणून पांढरा, यातलं त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते मला समजलं नाही. विचारलंही नाही. अण्णांना दुसऱ्यांदा विचारलं की पहिलं कळलेलंही जायचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बेळगुंदीहून रोज बसनं बेळगावात यायचे. रस्त्यांच्या खात्यात ट्रेसर म्हणून नुकतीच लागले होते. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवून काढायचे, एवढंच माझं काम. माझं टेबल मातीखोलीला लागून होतं, मध्ये फक्त एक खिडकी. त्या खिडकीतून दिवसभर ठक्‌ ठक्‌ आवाज यायचा. एका पितळी वाटीत ओली माती थापायची, तिच्यात मधोमध एक चर ओढायची आणि हँडल फिरवायचं. प्रत्येक फेऱ्याला वाटी खाली आपटते. किती आपटण्यांनंतर चर मिटते ते मोजायचं. त्यावरून मातीला किती पाणी सोसतं ते कळतं. अण्णा मोजायचे कानडीत, ओंदु, एरडु, मूरु. वैतागायचे मराठीत आणि आकडे लिहायचे इंग्रजीत.

एकदा त्यांचं मोजणं चालू असताना मी खिडकीतून हाक मारली. ते थांबले, वाटीतली सगळी माती काढून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून कालवायला घेतली.

"अण्णा, एवढ्यासाठी परत?"

"एकवीस झालतं असं वाटतंय," ते म्हणाले. "वाटतंय हे लिवायला रकाना न्हाय आक्का."

मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी ते मला आक्काच म्हणायचे, आणि तुम्ही म्हणायचे.

त्यांचे वडील याच खात्याच्या गँगवर खडी फोडायला होते. गाव निपाणीकडचं. अण्णा मॅट्रिक झाले, सर्व्हेचा कोर्स केला आणि वडील ज्या रस्त्यांवर खडी फोडायचे त्याच रस्त्यांची माती तपासायला लागले. हे ते कधी स्वतःहून सांगत नसत. एकदा जीपमधून जाताना संकेश्वरच्या अलीकडच्या एका मैलाच्या दगडाकडं बोट करून म्हणाले, "हितं माझा जन्म झाला." मी मागं वळून दगडाकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, आईही गँगवरच असणार.

कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण कामाचं उत्तर त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे संकट. आमचे साहेब धारवाडकडचे, कानडी बोलणारे, सरळ मनाचे. ते टेबलावर बोट आपटून विचारायचे, "यल्लप्पा, हौदो अल्लो? हो की नाही, एक सांग." अण्णा चिमटीभर ओली माती तळहातावर वळत उभे राहायचे. वात वळतात तशी ती माती बारीक होत जायची. ती तुटेपर्यंत ते बोलत नसत, आणि तुटल्यावर म्हणायचे, "आसंल बी सायेब, नसंल बी."

एका चाचणीच्या खड्ड्यातून एकाच थराच्या तीन पिशव्या आल्या होत्या. गँगच्या मुकादमानं चिठ्ठीवर कानडीत 'केम्मण्णु', म्हणजे तांबडी माती, असं लिहिलं, अण्णांनी 'तांबडी शाडू' आणि नव्या इंजिनिअरनं इंग्रजीत 'रेड क्ले'. रजिस्टरात त्या तीन निरनिराळ्या माती म्हणून चढल्या. मी नकाशात तीन थर काढले, तिघांना तीन तऱ्हेच्या रेघा भरल्या. साहेब खूष झाले, इतका बारकाईनं काढलेला मातीच्या थरांचा छेद त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. अण्णा तो कागद उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"आक्का, हे तिन्ही एकच हाय."

शाई वाळलेली. ती ब्लेडनं खरवडून काढायला मला अख्खी दुपार गेली. अण्णा समोर स्टूल घेऊन बसून राहिले, जणू शिक्षा त्यांनाच झाली होती. शेवटची रेघ निघाल्यावर उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पण खरं सांगू? अगदी एकच हाय असं बी न्हाय." आणि गेले. मी ब्लेड हातात धरून तशीच बसले.

आता कोंडीच्या चढाचं सांगते.

निपाणीच्या अंगाला हा एक लहानसा चढ होता. तंबाखूच्या बोदांनी भरलेले ट्रक त्यावरून जायचे आणि रस्त्याची पार चाळण झाली होती. जुनं डांबर उखडून, रस्ता थोडा रुंद करून नव्यानं डांबरीकरण करायचं ठरलं. त्याआधी माती आणि उतार तपासून एक छापील फॉर्म भरायचा होता. मातीचे थर, पाण्याच्या वाटा, जवळची झाडं, वस्ती, त्यांच्यावर कामाचा परिणाम. आणि सगळ्यात खाली एक रकाना: उतार सुरक्षित आहे काय? रस्त्याच्या खालच्या बाजूला, उताराच्या पोटात, सात घरांची वस्ती होती. रस्त्यावरून बघितलं तर फक्त त्यांची कौलं दिसायची.

माझे रस्त्याचे नकाशे जागेवर ताडून बघायचे म्हणून साहेबांनी मलाही जीपमध्ये घेतलं. उन्हाळा होता. अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी उतार चढले, उतरले, पुन्हा चढले. मध्येच थांबायचे, एका पायावर भार द्यायचे, दुसऱ्यावर द्यायचे. वस्तीतली माणसं बघत होती. साहेब बांधावर सावलीत बसले.

वस्तीतलं पहिलं घर बाळाप्पा आप्पांचं. सत्तरीचे, ताठ, शेतीवाडीवाले. त्यांनी चहा करायला सांगितला. त्यांची सून शेवंता चहा घेऊन आली. साहेबांना आणि मला कपबशीतून. अण्णांसाठी एक पितळी पेला आधीच उंबऱ्याबाहेर ठेवलेला होता, त्यात तिनं वरून चहा ओतला. साहेबांनी मान वळवली. मी कप तसाच धरून राहिले, प्यावा की ठेवावा कळेना. अण्णांनी पेला उचलला, एक घोट घेतला, थांबले. पेला उजेडाकडं तिरका करून तळाला बघितलं.

"पानी कुठलं हो?"

शेवंताला वाटलं, चहात काही पडलं. "झऱ्याचं," ती म्हणाली. "औंदा जरा तांबूस येतंय. गाळून घेतलंय मी."

"कवाधरनं?"

"दिवाळीपासनं आसंल."

अण्णांनी उरलेला चहा एका दमात संपवला, पेला होता तिथं ठेवला आणि म्हणाले, "झरा दावता काय?"

झरा वस्तीच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या अगदी पायथ्याशी होता. तिथं अण्णांनी दोन दिवस खड्डे खणून घेतले. वर मुरूम, खाली वीतभर तांबड्या शाडूचा थर, त्याखाली खडक. पाणी त्या शाडूवरून सरकत होतं. शाडूचा गोळा हातात घेतला तर साबणासारखा निसटायचा. अण्णांनी मला छेद दाखवत सांगितलं, की वरचं सगळं वजन, रस्ता, ट्रक आणि उद्या येणारा रोलर, या वीतभर शाडूवर बसलेलं आहे. "पण बसलंय," ते म्हणाले. "माझ्या जल्माच्या आधीपासनं बसलंय. आता का उटंल? आणि का न्हाय उटणार?"

निघताना आप्पांनी त्यांना थांबवलं.

"एवढं खणलंस, आता सांग. आमी ऱ्हावं का जावं?"

अण्णा खाली वाकून चपला पायात घालू लागले.

"तुला सरकारनं धाडलंय. तुला न्हाय ठावं तर कुणाला?"

"मला ठावं न्हाय आप्पा," अण्णा म्हणाले. "माती काय करंल ते कुणाला बी ठावं नसतंय. पण माझं घर हितं असतं, तर पावसाळ्यात मी हितं निजलो नसतो."

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. ते उत्तर होतं की नव्हतं, हे त्यांनाही कळलं नसावं.

फॉर्म साहेबांकडं गेला तो शेवटचा रकाना रिकामा ठेवून. मागच्या कोऱ्या पानावर मात्र बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं: झरा, तांबूस पाणी, शाडू, रस्त्याच्या कडेची वाकलेली तीन झाडं. साहेबांनी परत पाठवला. दुसऱ्यांदा रकान्यात लिहून आलं, 'सांगता येत नाही.' साहेब कपाळाला हात लावून माझ्या टेबलाशी आले. "असं कुणी लिहितं का हो? वर काय पाठवू मी?" तिसऱ्यांदा अण्णांनी उपाय लिहिला. रस्त्याच्या वरच्या बाजूनं एक खोल चर खणून डोंगराचं पाणी आधीच अडवायचं आणि वळणापलीकडं दोन फर्लांगांवर रस्त्याखालून पाणी काढणारी दगडी मोरी आहे, तिथं नेऊन सोडायचं. रकाना तरीही रिकामाच. शेवटी साहेबांनी स्वतःच्या अक्षरात तो भरला: 'चर खणल्यास सुरक्षित.'

काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं. मधला पावसाळा तसाच जाणार होता. अण्णा रजा टाकून वस्तीवर गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. पण मिरगानंतर सातही घरं उठली. वळणाच्या पलीकडं, रस्त्याच्या खालच्या बाजूलाच दोन खोल्यांची शाळा होती. एका खोलीत वर्ग दाटीवाटीनं बसवले आणि दुसरीत नि व्हरांड्यात माणसांनी संसार मांडले. गुरं मात्र वस्तीवर, ज्याची त्यानं येऊन जाऊन बघायची. त्या वर्षी पाऊस धो धो झाला. अडीच महिने सात घरांनी एका खोलीत ओली लाकडं फुंकली, भांडली, दोन पोरं तापानं फणफणली. आणि उतार? उतार हललासुद्धा नाही. एक ढेकूळ खाली आलं नाही.

गौरीला माणसं घरी परतली. पुढं महिनाभर निपाणीच्या बाजारात, एसटीत, सगळीकडं हीच चर्चा. यल्लाप्पानं मुद्दाम घराबाहेर काढलं, असंही कुणी म्हणालं. ते म्हणण्यामागं काय होतं ते अण्णांनाही कळत होतं, मलाही. मी त्यांना म्हटलं, "पण अण्णा, काही झालं नाही हे चांगलंच की."

"व्हय, चांगलंच," ते म्हणाले. मग तळहातावरची माती बघत राहिले. "चांगलं झालं, का अजून व्हायचंय?"

दिवाळीनंतर नकाशे पक्के करायला माझ्याकडं आले. अण्णांनी चरीचा पेन्सिल-नकाशा स्वतः काढून दिला होता. वळणापर्यंत सरळ रेघ आणि वळणाच्या पुढं, मोरीपर्यंत, टिंबांची रेघ. मी शाईला बसले तेव्हा साहेब आले. त्यांनी टिंबांवर बोट ठेवलं. "हे नको. आपल्या कामाची हद्द वळणावर संपते. पुढचं पुढच्या मंजुरीत बघू."

"अण्णांना सांगू?"

"मी सांगतो त्याला."

मी रेघ वळणावर थांबवली. साहेबांनी अण्णांना सांगितलं की नाही, मला आजही माहीत नाही. छापलेली प्रत मातीखोलीत गेली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. अण्णांनी चरीच्या रेघेवरून बोट फिरवत नेलं. वळणाशी बोट थांबलं. बराच वेळ थांबलं. मी नीब पुसत असल्याचं दाखवलं. मग त्यांनी प्रत गुंडाळून ठेवली आणि पितळी वाटी पुढ्यात घेतली. त्यांनी बघितलं, असं मला वाटतं. पण वाटतंय हे लिहायला रकाना नाही.

रस्ता झाला. गुळगुळीत काळा रस्ता, वरच्या अंगाला खोल चर. पुढच्या पावसाळ्यात चरीनं आपलं काम चोख केलं. झऱ्याचं पाणी निवळ झालं, असं शेवंतानं निरोपच पाठवला. डोंगराचं सगळं पाणी चरीनं वळणापर्यंत आणलं आणि तिथं चर संपत होती म्हणून ते रस्ता ओलांडून खाली सुटलं. झडीच्या चौथ्या दिवशी सकाळी शाळेमागची दरड सुटली. एक भिंत, व्हरांडा आणि अर्धं छप्पर घेऊन खाली गेली. ज्या खोलीत आदल्या साली सात घरं झोपत होती, तीच खोली.

रविवार होता. शाळेत चिटपाखरू नव्हतं.

ती बातमी ऑफिसात आली तेव्हा अण्णा भट्टीतून माती काढत होते. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि मला विचारलं, "आक्का, आज वार कोणता?" मी म्हटलं, "सोमवार." त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

आठवड्याभरात वरचे साहेब चौकशीला आले. ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. मी नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन मागं उभी. आमचे साहेब फायलीत डोकं घालून बसलेले. वरच्या साहेबांनी विचारलं, "चरीचं पाणी पुढं कुठं जाणार, हे कुणी बघितलं होतं?"

आमच्या साहेबांनी फायलीचं पान उलटलं. मग अण्णा म्हणाले, "मी बघायला पायजे होतं. बघितलं न्हाय."

"तुमची चूक?"

"व्हय," अण्णा म्हणाले. लगेच. माती वळली नाही, काही नाही.

माझ्या टेबलाच्या खणात त्यांचा पेन्सिल-नकाशा होता. टिंबांची रेघ मोरीपर्यंत गेलेली. चार पावलं टाकून तो आणायचा होता. मी आमच्या साहेबांकडं बघितलं. ते वर बघेनात. मी अण्णांकडं बघितलं, ते समोर बघत होते. मला वाटलं, ते मला वाचवताहेत. मग वाटलं, छे, त्यांना खरंच आठवत नसेल. मग वाटलं, त्यांनी शाळेजवळ खड्डा खणला नव्हता, त्याबद्दल ते बोलत असतील, तर मग ते खरंच आहे. हे तिन्ही माझ्या डोक्यात एकदम चाललं होतं. तेवढ्यात चहा आला आणि चौकशी संपली. मी गुंडाळ्या छातीशी धरून तशीच उभी होते.

त्यांना मातीखोलीतून काढून स्टोअरला टाकलं. डांबराची पिंपं आणि फावडी-घमेली यांच्या राखणीला. तिथं जायच्या आदल्या दिवशी ते कोंडीच्या वस्तीवर गेले. का कोण जाणे, मला म्हणाले, "आक्का, येता?" आम्ही एसटीनं गेलो.

आप्पा अंगणात दोर वळत बसले होते. अण्णा उभेच राहिले.

"गेल्या साली तुमाला शाळेत मी धाडलतो," ते म्हणाले. "तितली जमीन मी बघितली नव्हती. आणि पानी बी मीच तिकडं नेलं. हे तुमाला माझ्या तोंडानं सांगायचं होतं."

आप्पांनी दोर बाजूला ठेवला. "पाऊस तू पाडलास व्हय रं?"

"पाऊस न्हाय. वाट मी बदलली."

"मंग आमची घरं ऱ्हायली ती बी तुझ्यामुळंच न्हवं?"

"तसं म्हणता येत न्हाय. ती तशी बी ऱ्हायली असती."

"म्हंजे पडलं ते तुझं, आणि ऱ्हायलं ते तुझं न्हाय? ही कसली तऱ्हा रं?"

 अण्णा आप्पांकडं बघत राहिले, आप्पा त्यांच्याकडं.  शेवंता दारात उभी होती. ती म्हणाली, "रविवार नसता तर? माझी पोरगी त्या भित्तीला पाठ लावून बसती." आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. आप्पांनी चहाचं विचारलं. अण्णा नको म्हणाले. आता चहा कशातून आला असता, ते त्यामुळं कळलंच नाही.

परतीच्या एसटीत मी रेघेचं विचारायचं ठरवून त्यांच्याशेजारी बसले. बेळगाव येईपर्यंत ते खिडकीतून बघत राहिले. 

मातीखोलीत एक तरुण मुलगा आला. हुशार होता. फॉर्म आला त्याच दिवशी सगळे रकाने भरून द्यायचा. साहेब सुटकेचा श्वास टाकायचे. खिडकीतून ठक्‌ ठक्‌ ऐकू यायचं, पण मोजणं ऐकू येत नसे. तो मनात मोजायचा. अण्णा कधी स्टोअरमधून काही कामानं आले तर मातीखोलीच्या दारापर्यंत येत, आत न जाता माझ्याशी चार शब्द बोलून जात. माझ्या लग्नाला आले, पांढऱ्या शर्टात. एकदा शहापुरात भेटले, बायकोला साडी घ्यायला आले होते, हातमागाच्या दोन साड्या समोर आणि कुठली घ्यावी ते ठरत नव्हतं. बायको हसत होती. म्हणाली, "ताई, तुमी तरी सांगा. हे संध्याकाळपतोर हितंच बसतील." मी निळी म्हटलं. त्यांनी निळी घेतली. पैसे देताना पुन्हा हिरवीकडं बघितलं.

शाळा दुसरीकडं बांधली. चर मोरीपर्यंत पुढं नेली, बरोबर त्या टिंबांच्या वाटेनं. नवा नकाशा मीच उतरवला. अण्णांचा पेन्सिलीचा कागद घरी आणून ट्रंकेत ठेवला, तो कुणाला कधी दाखवला नाही. कोंडीची वस्ती जागेवर आहे. सातांची नऊ घरं झालीत. ती चरीमुळं राहिली, की तशीही राहिली असती, हे मी नंतर दोन-तीन इंजिनिअरांना विचारलं. एक हो म्हणाला, एक नाही म्हणाला, तिसऱ्यानं विचारलं, "आता का विचारताय?"

अण्णांची शेवटची भेट मध्ये काही वर्षं गेल्यावर झाली. ते निवृत्त झाले होते. मी निपाणीला नणंदेकडं गेले होते आणि परतीच्या एसटीत दोघांच्या आसनावर ते बसलेले दिसले. वाळले होते. शेजारची जागा रिकामी होती. मला बघून खूष झाले, पोरांचं विचारलं, घरचं विचारलं. पावसाची रिपरिप चालू होती. गाडी कोंडीच्या चढाला लागायच्या आधी मी मनाशी ठरवलं, आज विचारायचं. बरोबर त्याच वेळी त्यांनी डोळे मिटले आणि मान मागं टेकली. गाडी चढली, वस्तीची कौलं खालून गेली, वळण गेलं, मोरी गेली. मी त्यांच्याकडंच बघत होते. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. पण समोरच्या आसनाचा दांडा त्यांनी उजव्या हातानं धरला होता, आणि तो असा की बोटांची पेरं पांढरी पडली होती. झोपलेला माणूस असा धरतो का?

चढ संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. त्यांचा थांबा जवळ आला होता. ते पिशवी घेऊन उठले, तेव्हा मी घाईघाईनं म्हटलं, "अण्णा, ती टिंबांची रेघ. मोरीपर्यंतची. तुम्ही काढली होती ना?"

ते वरच्या दांड्याला धरून उभे. माझ्याकडं बघितलं. कंडक्टरनं घंटी मारली.

"कसली रेघ आक्का?"

त्यांच्या तोंडाकडं बघून मला काही म्हणजे काही ओळखता आलं नाही. मागची माणसं ढकलत होती.

"काही नाही," मी म्हटलं.

ते उतरले. रस्त्याच्या कडेला थांबून छत्री उघडायला लागले, पण तिची एक काडी अडकली होती. ती सोडवत पावसात उभे राहिले, मान खाली घालून. गाडी निघाली तेव्हाही ते तेच करत होते.